उजव्या डोळ्याची बाहुली

सकाळपासूनच्या बेचाळिसाव्या पेशंटच्या डोळ्यात टॉर्च मारताना डॉक्टर सुनीती पानसेंचं स्वतःचंच डोकं ठणकत होतं. गोदामावशींची उजवी बाहुली उजेडातही भलीमोठी पसरलेली होती. डावी मात्र नीट आकसत होती.

“मेंदूतली नस दबलीय म्हणाले गावचे डॉक्टर,” मावशींचा मुलगा घाईघाईने सांगू लागला. “ऑपरेशन लागेल म्हणे.”

पापणी पडलेली नव्हती, डोळाही चहूकडे फिरत होता. सुनीतीताईंनी बाहुली लहान करणारे थेंब घातले आणि मायलेकांना अर्धा तास बसवून ठेवलं. नस दबली असती, तर थेंबांनी बाहुली आकसली असती. ही जागची हलली नाही, म्हणजे बाहेरूनच काहीतरी डोळ्यात गेलं होतं.

“मावशी, काल श्रावणी सोमवार. महादेवाला काय वाहिलंत?”

“धोतरा. दरवेळी मीच खुडते.”

सुनीतीताईंनी हुश्श केलं. “त्याचा रस डोळ्यात गेला की असंच होतं. चार दिवसांत आपोआप बरं होईल. नसबीस काही दबलेली नाही. त्याच हाताने डोळा चोळलात ना?”

मुलगा मोकळेपणाने हसला. सुनीतीताईंनी पेनला टोपण लावलं.

“चोळला नाही, बाई. देवापुढे रडू आवरेना, म्हणून पुसला. दुसऱ्या हातात ताट होतं, एकच पुसता आला.”

मुलाचं हसू विरलं.

सुनीतीताईंनी टॉर्च ड्रॉवरमध्ये टाकला, मुलाला दोन चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि आपली खुर्ची मावशींजवळ ओढली.