दुपारचं खाणं

रेक्सने बादली स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवली आणि झाकण काढलं. ग्लेनिसने चष्मा लावून आत पाहिलं.

"खेकडा नको," ती म्हणाली.

"शंखातला आहे गं. गरीब आहे बिचारा."

"टाकीतले माझे समुद्रघोडे शेपटीने काहीतरी धरून बसतात. हा गरीब ती शेपटीच धरेल. नको."

फाटकाबाहेर रेक्सच्या मित्राची, बॅरीची गाडी उभी होती. मागच्या ट्रेलरवर रेक्सचा पलंग, दोन खुर्च्या आणि गळाच्या काठ्या दोरीने बांधलेल्या होत्या. शुक्रवारी ग्लेनिस म्हणाली होती, दुपारचं खाणं तुला जमलं तर ये राहायला. रेक्सने त्यातले शेवटचे दोनच शब्द ऐकले होते.

सफरचंदांचा हंगाम सुरू होता. ग्लेनिस सकाळी सातला पॅकिंग शेडमध्ये जायची, ती चारनंतर परतायची. समुद्रघोड्यांना जठर नसतं. खाल्लेलं साठत नाही, म्हणून दिवसातून तीनदा द्यावं लागतं. दुपारचं द्यायला तिची थोरली बहीण मॅव्हिस यायची, पण तिचे गुडघे आता टेकडी चढायला तयार नव्हते. आज बॅरीनेच तिला गाडीतून आणलं होतं. ती टेबलापाशी सफरचंदं सोलत बसली होती.

"हा तर येईल ना?" रेक्सने विचारलं. बादलीत तळहाताएवढा, खरखरीत कातडीचा लेदरजॅकेट मासा गोल फिरत होता. "सात वर्षांचा आहे. माझ्या बोटातून खातो."

"म्हणूनच नको. सगळं चार सेकंदांत फस्त करेल. मग भूक राहिली की यांच्या पाठी कुरतडेल."

रेक्स बादलीवर वाकला.

"तोंड पाडू नकोस रे," मॅव्हिस म्हणाली. "तुझा नंबर अजून यायचाय."

"बॅरीच्या मुलीकडे मोठी टाकी आहे," रेक्स म्हणाला. "ती केव्हाची मागतेय याला."

ग्लेनिसने तळाशी पडून राहणारा बोटभर मासा पास केला. चार गोगलगाईही केल्या. "पण आधी तीन आठवडे मागच्या खोलीत, वेगळ्या पाण्यात. काही रोग नाही असं दिसलं तर टाकीत."

"आणि रेक्सला किती आठवडे?" मॅव्हिसने विचारलं.

"त्याचं आत्ताच बघू."

टाकी खिडकीच्या विरुद्ध भिंतीला होती. आत पाच समुद्रघोडे, वीतभर उंचीचे, फुगीर पोटांचे. ग्लेनिसने पंप बंद केला. बर्फातून काढून धुतलेल्या जवळ्याची वाटी रेक्सच्या हातात दिली आणि ती मागे सरकली.

रेक्सने एकोणचाळीस वर्षं नदीच्या मुखाशी जाळ्यांत पाळलेल्या सॅमन माशांना खाणं टाकलं होतं. फावड्याने टाकायचं, पाणी उकळल्यासारखं व्हायचं, की पुढचं जाळं. त्याने वाटीत तीन बोटं घातली आणि जवळा पाण्यावर भिरकावला.

पाणी उकळलं नाही. जवळ्याचे दाणे सावकाश खाली गेले. समुद्रघोडे होते तिथेच होते. सर्वांत मोठ्या पिवळ्या नराने एक डोळा वर नेला आणि परत खाली आणला.

"ग्लेनिस," रेक्स हळू आवाजात म्हणाला, "हा आजारी आहे. बाकीचेही असतील."

"कशावरून?"

"खाण्यावर आला नाही. आमच्याकडे जो खाण्यावर येत नाही त्याला आम्ही त्याच दिवशी बाहेर काढायचो."

मॅव्हिसची सुरी थांबली.

"बरं झालं, मी तिथे मासा नव्हते," ती म्हणाली. "मला चहा झाल्याशिवाय काही खावंसंच वाटत नाही."

ग्लेनिस हसली नाही. तिने नळीने खाली पडलेला जवळा ओढून घेतला. पाणी नासलं असतं. मग टाकीच्या तळाशी ठेवलेला मोठा शिंपला तिने बोट रोखून दाखवला, आणि रेक्सच्या हातात काचेची लांब नळी दिली.

"एकेक दाणा. शिंपल्यात सोड. आणि हात काढू नकोस. ते आधी बघतात."

"काय बघतात?"

"ते मलाही कळलेलं नाही."

रेक्सने बाही वर केली. पाणी सोळा अंशांवर होतं. त्याने एक दाणा सोडला, मग दुसरा. कोपरापर्यंतचा हात आत ठेवून तो उभा राहिला. बाहेर बॅरीने एकदा हॉर्न वाजवला. रेक्सने मान वळवली नाही. त्याची बाही सुटून पाण्यात गेली, ती त्याने तशीच राहू दिली. मॅव्हिसचं तिसरं सफरचंद सोलून झालं, चौथं झालं.

पिवळ्या नराने गवताच्या पात्यावरची शेपटी सोडली. तो उभ्या उभ्याच खाली आला. शिंपल्याच्या काठाशी थांबून त्याने एकेक डोळ्याने दाणा न्याहाळला, मग रेक्सचा अंगठा न्याहाळला, मग पुन्हा दाणा. बराच वेळ गेला. मग काचेतूनही ऐकू येईल असा टक् आवाज झाला आणि शिंपल्यात एकच दाणा उरला.

रेक्सने श्वास सोडला नाही. त्याने नळीने आणखी एक दाणा सोडला. मागून एक मादी निघाली होती.

दार उघडलं. बॅरी उंबऱ्यात उभा होता, टोपी हातात.

"काय ठरलं रे बाबांनो? उतरवू की परत नेऊ?"

उत्तर ग्लेनिसने दिलं. तिची नजर टाकीवरच होती.

"बूट काढून आत ये, बॅरी. आणि पलंग ठेवताना आदळू नकोस. पाणी हलतं."