अळ्यांची सूज

उन्हाळा यंदा महिनाभर आधीच येऊन बसला. गॅलरीतल्या लिंबाला नवी पालवी फुटायच्या आतच फुलपाखराच्या अळ्या अंड्यांतून बाहेर आल्या आणि होती नव्हती ती पानं त्यांनी संपवून टाकली. लेकीने त्या उचलून खोक्यात ठेवल्या आणि ती खोक्यासमोरून हलेना.

"आई, या मरणार?"

"नाही गं," म्हणाले खरी, पण पानं आणायची कुठून? नर्सरीतली पानं औषध मारलेली. बिनऔषधाचं लिंबाचं झाड एकच, गच्चीवरचं, सासूबाईंचं. त्यावर मुंगीसुद्धा विचारून चढते, असं सासरे म्हणतात. शिवाय खोकं बघून सासूबाईंनी सुनावलं होतंच, "घरात किडे कसले पाळता?"

त्यातच उपाशी अळ्या बारीक व्हायच्या सोडून फुगायला लागल्या. मी मोबाइलवर शोधून शोधून दमले. सूजच असणार, माझी खात्री झाली.

शेवटी दुपारी सगळे आडवे झाल्यावर कात्री घेऊन गच्चीवर गेले, तर सासूबाई झाडापाशीच उभ्या. मी कात्री पाठीमागे धरली.

"लपवू नकोस, आण इकडे," त्या म्हणाल्या. "खालच्या फांद्या मी संपवल्या. वर माझा हात पुरत नाही."

झाड माझ्या डोक्यापर्यंत बोडकं झालं होतं.

"म्हणजे तुम्ही रोज...?"

"पहाटे खोक्यात पानं घालते. तुम्ही उठेपर्यंत फस्त."

इतक्या दिवसांनी मला मोकळं हसू आलं. "आणि मी समजत होते, त्यांना सूज आलीय."

"सूज कसली? माझं अर्धं झाड आहे त्यांच्या पोटात."