बांबूचं यान

दूरदर्शनवरच्या एका जुन्या अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांनी मला, त्यांच्यातल्याच एकाला, पत्र लिहिलं होतं, 'मालिकेवरून विकता येतील अशा वस्तू सुचवा.' असल्या खुळाला लोक हसतील म्हणून मी उत्तर टाळलं. काल किन्हवलीत बांबूकाम करणाऱ्या सोमीबाईच्या अंगणात, पावसात पाठीवर घ्यायचं इरलं उपडं ठेवलेलं दिसलं. बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं, थेट मालिकेतलं यानच!

"सोमीबाई, हे यान म्हणून विकायचं का?"

"इका की! मंग भाताची आवणी काय चंद्रावर कराची?" ती हसली. मग म्हणाली, "सुनंला प्लास्टिकचा कागद बरा वाटतो. इनायला कोन शिकत नाय, भाऊ. मी गेले का इरलं संपलं."

आज शहापूरला जाऊन पोस्टात उत्तर टाकलं, 'यान सापडलं. विकत घेणारे नकोत, विणायला शिकणारे पाठवा.'