स्क्रीनचा उजेड

मुलगी गार्गी मैत्रिणीकडे गेली तशी जितेंद्र तिचा लॅपटॉप घेऊन नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले.

"पोरगी बी.ए.ले लागली गा. मराठी टायपिंग टाकून दे, डिक्शनरी टाक." मग आवाज खाली आणत म्हणाले, "अन् आंधळ्या लोकांसाठी स्क्रीनवरचं वाचून दाखवते ना, ते पण टाक. पण तिच्या ध्यानात नाही आलं पाहिजे. आत कुठं तरी ठेव."

"काहून, काका?"

"डॉक्टर म्हणे, दोनेक वर्षं नजर पुरेल. तिले नाही सांगितलं आम्ही. खुशीत आहे, जाऊ दे तिले कॉलेजात."

दुकानदार पुष्करने लॅपटॉप सुरू केला. पडदा काळाच राहिला.

"स्क्रीन गेली वाटते," म्हणत त्याने एक बटण दाबलं. लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज एकेक शब्द वाचू लागला.

पुष्करने आणखी दोन-तीन बटणं दाबली. पडदा उजळला. मग त्याने लॅपटॉप हळूच जितेंद्रकडे वळवला.

"स्क्रीन चांगली आहे, काका. उजेड तिनंच शून्यावर ठेवला होता. अन् ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आधीपासूनच आहे यात. न पाहता वापरायची सवय करून राहिली पोरगी."