बिनडोळ्यांचा वाघ

पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी व्हायची, आणि ती जनूच्याच हातची. म्हणून त्याच्या लेकीनं, प्रतिक्षानं, शाळेच्या प्रदर्शनासाठी देशोदेशीचे राष्ट्रीय प्राणी शाडूत घडवले, रंगवले, पण डोळे बाबासाठी ठेवले. आपला वाघ, थायलंडचा हत्ती, पिशवीतल्या पिल्लासकट ऑस्ट्रेलियाचा कांगारू. प्रदर्शनाच्या आधीच पोर तापानं गेली.

दिवसकार्य उरकल्यावर शाळेच्या बाई प्राणी न्यायला आल्या. सीताबाईनं बारीक ब्रश नवऱ्याच्या हातात दिला.

"आखा अवो. पोरीची लय हौस व्हती."

जनूनं वाघ उचलला, बराच वेळ निरखला आणि ब्रश तसाच कोरडा खाली ठेवला.

"डोळे आखले का मूर्ती आपल्याकडं ऱ्हात नाय गो. यांना तरी ऱ्हाऊ दे."