गवसलं

“कंपनीवाले म्हनतेत, पोरीची परवानगी आना. आता पोरगीच हरवली, तर परवानगी कुनाची आनू?”

श्रीमंतकाकांनी मोबाईल पुढं केला. यज्ञेश हरवलेली माणसं शोधून देतो असं ऐकून, हिमायतनगरकडच्या खेड्यातून पहिल्या एसटीनं निघून ते नांदेडला त्याच्या खोलीवर आले होते. खांद्यावर दस्ती, मांडीवर फडक्यात बांधलेले धपाटे.

यज्ञेशनं मेल वाचला. निम्म्या जगाचे फोटो ज्या कंपनीकडं पडून आहेत, तिचं उत्तर अवघं दोन ओळींचं. व्यक्तीच्या परवानगीशिवाय तिची माहिती देता येत नाही. खाली कुणाचं नावसुद्धा नाही.

“बघ,” तो मालविकाला म्हणाला. “चेहरे दाखवून जाहिराती विकतील, पण बापाला पोरीचा पत्ता देणार नाहीत.”

मालविका त्याच्याच वर्गातली. ‘गवसलं’ हे सॉफ्टवेअर दोघांनी मिळून लिहिलेलं. माळेगावच्या यात्रेत हरवणाऱ्या लेकरांसाठी म्हणून सुरू केलं अन् मग वाढतच गेलं. एक फोटो द्यायचा, की ते नेटवरच्या सगळ्या उघड्या फोटोंत तो चेहरा शोधत बसायचं. कोड सगळ्यांना खुला. कुणीही घ्या, कशालाही वापरा, विचारायची गरज नाही, असं यज्ञेशनं वरच लिहून ठेवलेलं. मधी एका बड्या कंपनीनं ते विकत मागितलं, तर ह्यानं नाही म्हणून टाकलं, अन् मग महिनाभर ज्याला त्याला तेच सांगत फिरला.

“काकांचं आधार कार्ड तरी बघ,” मालविका हळूच म्हणाली.

“कागदं मागितल्यावर त्यांच्यात नि आपल्यात फरक काय राहिला?”

“लई मोठा झालास.” ती हसली अन् चहा टाकायला गेली.

काकांनी पाकिटातून फोटो काढला. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्या, कपाळावर बारीक टिकली. आरती.

“रागाच्या भरात गेली. पोलीस म्हनले, पोरगी सज्ञान हाय, आमी काय करनार. तिच्या मायचं तर बघवत न्हाई. खात न्हाई, पीत न्हाई, कितीबी इचारा, तोंड उघडत न्हाई.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी दस्तीनं पुसले. यज्ञेशनं फोटो स्कॅन केला अन् ‘गवसलं’ला दिला.

चहा झाला. दुसरा झाला. मालविकानं काकांना विचारलं, आरतीला काय आवडायचं. काका म्हणाले, “शिकायची लई हौस. तेच नडलं.”

मग स्क्रीनवर एक फोटो आला. लातूरच्या एका बेकरीच्या उद्घाटनाचा. मालक फीत कापतोय अन् मागं काउंटरपाशी ट्रे धरून एक पोरगी. केस खांद्यापर्यंत कापलेले, वेणी नाही, तोंडभर हसू. तिच्या शेजारी एक पोरगा.

“हीच,” काका म्हणाले.

यज्ञेशनं मालविकाकडं बघितलं. तिचे डोळे पाण्यानं डबडबलेले.

काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “अन् ह्यो कोन?”

“असंल कामावरचा.”

“हां.”

फोटोतल्या बोर्डावर बेकरीचा नंबर होता. यज्ञेशनं फोन उचलला, तसा काकांनी त्याचा हात धरला.

“नगं लेकरा. फोन केला की भिऊन निघून जाईल. सापडलेली पोर परत हरवंल. म्या समोर जाऊन हुभा राहतो.”

पटण्यासारखंच होतं. यज्ञेशनं बेकरीचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दिला. स्कूटीवर बसवून स्टँडवर नेलं, लातूरच्या गाडीत खिडकीपाशी जागा धरून दिली. काका पैसे देऊ लागले, तर हा म्हणाला, गवसलं फुकट असतंय. मग काकांनी धपाट्याचं गाठोडंच खिडकीतून त्याच्या हातात दिलं.

“आरतीला ठेवा की, काका.”

“तुमी खा. लई उपकार झाले तुमचे.”

दोघांनी ते धपाटे खोलीवर बसून खाल्ले. यज्ञेशनं गवसलंच्या पानावर लिहिलं, आज एक आई पोटभर जेवेल. नाव नाही, गाव नाही, एवढंच. कुठून कुठून लोकांनी हात जोडले. ब्राझीलमधल्या एकानं लिहिलं की तो हे त्याच्या गावात वापरणार आहे. यज्ञेश ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवत होता अन् मालविका म्हणत होती, बास आता, सरपंच होशील.

पुढच्या आठवड्यात एक बाई जिना चढून वर आली. पायात साध्या चपला, डोक्यावर पदर. दारातच थांबली.

“यज्ञेश तूच का?”

“हो. या ना, मावशी.”

“म्या केवळाबाई. आरतीची माय.”

यज्ञेश खुर्ची आणायला धावला. मालविकानं पाणी आणलं. बाई टेकल्या, पाण्याला काही हात लावला नाही.

“भेटली ना आरती?” यज्ञेश म्हणाला. “काका नाही आले?”

“ते आत हायेत. लातूरच्या ठाण्यात. पोलिसाला म्हनले, नांदेडच्या पोरानं शोधून दिली. म्हनून म्या हितं आले.”

“ठाण्यात?”

“आरती भेटली. सरकारी दवाखान्यात. ती बी, तो पोरगा बी. पोलिसांनी तोंडावरची चादर काढून दाखवली.”

मालविकाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

यज्ञेश पुढं झाला. “पण काका म्हणाले... तुम्ही तिच्यासाठी अन्न सोडलंय.”

“कुठं हाय ते सांग म्हनून रोज मारायचे. म्या सांगितलं न्हाई.” बाईंनी वर बघितलं. आवाज चढलेला नव्हता. “घरातनं तिला म्याच पळवून लावली होती, लेकरा.”