जुळणी

“आईच्या भुवईवर खूण कशाची?”

“कपाटाचा कोपरा लागला होता. डावी भुवई.”

“कधी?”

“अगं मावशी, मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. इतकं पाठांतर शाळेत केलं असतं ना, पहिला नंबर आला असता.”

मावशी हसली नाही. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली की काय होतं, ते तिने पाहिलं होतं.

उद्या परवाना कचेरीत बारकीची मुलाखत होती, परदेशी आईकडे जाण्यासाठी. पद्धत साधी होती. आईला तिकडच्या कचेरीत बसवायचं, मुलीला इकडच्या, आणि दोघींना तेच प्रश्न विचारायचे. अर्धे आईबद्दल, अर्धे मुलीबद्दल. उत्तरं जुळली की बारकी आईकडे. नाही जुळली तर पुढचा अर्ज पाच वर्षांनी. तेव्हा बारकी अठराची झालेली असेल आणि मग मूल म्हणून तिला कुणी नेऊ देणार नव्हतं.

ताई, म्हणजे बारकीची आई, परदेशी कामाला गेली तेव्हा बारकी दोन वर्षांची होती. तिकडे एका घरातली मुलगी ती सांभाळायची, बारकीच्याच वयाची. अकरा वर्षांत दोनदा येऊन गेली, पंधरा-पंधरा दिवस.

मावशीने गेल्याच आठवड्यात दोन पानं भरून बारकीची माहिती ताईला पाठवली होती. ताईचा लगेच फोन आला.

“माझ्या लेकीची माहिती तू मला देतेस होय? अगं, माझी मुलाखत झालीसुद्धा. एका प्रश्नाला अडले नाही.”

मावशीच्या जिवात जीव आला. थोडं वाईटही वाटलं, पण ते तिने तिथल्या तिथे आवरलं.

कचेरीत साहेबाने मावशीशेजारी बसलेल्या बारकीला कागद दिला. तिने अर्ध्या तासात तो भरला, सुवाच्य, खाडाखोड न करता. साहेबाने शेजारी तिच्या आईचा कागद ठेवला आणि दोन्हींवरून एकेक बोट खाली नेलं.

“आईबद्दलचं सगळं जुळतंय,” तो म्हणाला. मग बोट थांबलं. “तुझ्याबद्दलचं मात्र नाही. तू लिहिलंयस, दूध आवडतं. आई सांगते, दुधाने अंगावर पुरळ उठतं. तू म्हणतेस पोहता येत नाही. आई म्हणते, पोहण्यात बक्षिसं आहेत. अंधारात झोप येत नाही, दिवा लागतो, असंही ती म्हणते. डावखुरी आहे.” त्याने कागद उलटला. “आणि न अडखळता सांगितलंय बाईंनी. शेराच आहे तसा.”

मावशी पुढे सरकली. “साहेब, हे त्या... ताई ज्या घरी कामाला आहे ना, तिथल्या...”

टेबलाखाली बारकीने तिचा हात घट्ट दाबला.

“काय म्हणालात?” साहेबाने विचारलं.

“काही नाही.”

“आई बरोबर सांगते,” बारकी म्हणाली. आवाज हजेरी देतानाचा. “मीच घाबरून काहीतरी लिहिलं. दुसरा कागद मिळेल?”

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या रांगेकडे. एक कोरा कागद पुढे सरकवला.

बारकीने पेन डाव्या हातात घेतलं.